पेशीला ‘वाढ’ असे कोण सांगते? वृद्धिघटकांच्या शोधाचा इतिहास

१/
१७ जानेवारी १९१२. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदाने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक बारीक तुकडा काढून काचेवर, गोठलेल्या रक्तद्रवात ठेवला. त्या तुकड्यातील पेशी जगल्या आणि वाढत राहिल्या. त्यांचे संवर्धन पुढे तब्बल ३४ वर्षे चालले. स्वतः कारेल १९४४ साली वारले, तरी पेशी १९४६ पर्यंत टिकल्या. कोंबडीला इतके आयुष्य नसते. वृत्तपत्रे या ‘अमर हृदया’चा वाढदिवस नोंदवीत. शरीराबाहेर काढलेली पेशी कधीच मरत नाही, हे मत जीवशास्त्रात रूढ झाले.

२/
ते मत चुकीचे होते. १९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे ५० वेळा दुपटीने वाढतात आणि मग थांबतात. मग कारेल यांच्या पेशी ३४ वर्षे कशा टिकल्या? त्यांना अन्न म्हणून कोंबडीचे गर्भ वाटून काढलेला रस घातला जात असे. त्या रसातूनच प्रत्येक वेळी ताज्या, जिवंत पेशी पात्रात जात असाव्यात, हा आज सर्वाधिक मान्य असलेला खुलासा आहे. रसात नेमके काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे विज्ञान जवळजवळ अर्धशतक चुकीच्या वाटेवर राहिले. हा धागा त्या अनाम रसाचा, आणि त्यातील एकेक द्रव्य ओळखून, त्याला नाव देऊन अखेर ते जिवाणूंकडून घडवून घेणाऱ्यांचा आहे.

३/
शरीराबाहेर ऊती वाढवण्याची कल्पना कारेल यांच्याही आधीची. १९०७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेता-ऊतीचा कण गोठलेल्या लसीकेच्या थेंबात लोंबता ठेवला आणि त्यातून चेतातंतू फुटताना प्रत्यक्ष पाहिला. प्रश्न त्याच दिवसापासून उभा राहिला: लसीका, रक्तद्रव, गर्भरस यांत असे काय आहे, की ज्यामुळे पेशी वाढते? पहिले उत्तर साहजिकच ‘अन्न’ हे होते. १९५० च्या दशकात हॅरी ईगल यांनी पेशीला लागणारे क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे यांची चोख यादी तयार केली. ईगल यांच्या नावाचे पोषकद्रव आजही जगभर वापरले जाते.

४/
तरीही काही उणे राहिले. यादीतले सर्व पदार्थ दिले तरी बहुतेक पेशी वाढेनात. त्यात थोडे सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी, घातले की विभाजन सुरू होई. गाईच्या पोटातील वासराच्या गर्भाचे सीरम सर्वांत गुणकारी ठरले आणि तेच प्रयोगशाळांचा आधार बनले. पण सीरममध्ये शेकडो प्रथिने असतात. एका खेपेचे सीरम दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. आज जमलेला प्रयोग उद्या फसला, तर दोष पेशींचा, हातांचा की बाटलीचा, हे सांगता येत नसे. पेशींना अन्नाखेरीज आणखी काही लागते, बहुधा एखादा ‘आदेश’ लागतो, एवढेच कळत होते. तो आदेश देणारा पहिला रेणू हाती आला तो मात्र सीरमच्या अभ्यासातून नव्हे. तो आला कोंबडीच्या अंड्यातून.

५/
जर्मनीत फ्रायबुर्ग येथे गर्भशास्त्र शिकलेले व्हिक्टर हॅम्बर्गर १९३२ साली शिष्यवृत्तीवर शिकागोला गेले. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू वंशामुळे हॅम्बर्गर यांची फ्रायबुर्गची नोकरी गेली. ते अमेरिकेतच राहिले. १९३४ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर कापून टाकला, तर त्या बाजूच्या मज्जारज्जूतील चेतापेशींची संख्या घटते, हे त्यांनी त्यात दाखवले होते. पंखाकडून चेतापेशींना काहीतरी मिळत असावे आणि त्याअभावी नव्या पेशी घडतच नसाव्यात, असा त्यांचा तर्क होता.

६/
हा निबंध इटलीतील तुरीन शहरात एका तरुण डॉक्टरच्या हाती पडला. रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी, जन्म १९०९. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद केली होती. तेव्हा त्यांनी घरातील निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. एक सूक्ष्मदर्शक, अंडी उबवायची पेटी आणि घासून धारदार केलेल्या शिवणकामाच्या सुया, एवढाच सरंजाम. त्यांचे गुरू जुझेप्पे लेव्ही यांनाही विद्यापीठातून काढण्यात आले होते. ते शिष्येच्या खोलीत मदतनीस म्हणून काम करू लागले.

७/
तुरीनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा हे कुटुंब खेड्यात गेले आणि प्रयोगशाळाही बरोबर गेली. शेतकऱ्यांकडून फलित अंडी मिळवून प्रयोग चालू राहिले. हॅम्बर्गर यांचाच प्रयोग पुन्हा करताना रीता यांना निराळे दिसले. पंखाचा अंकुर कापला तरी चेतापेशी घडतात, वाढूही लागतात. त्या नंतर मरतात. म्हणजे पंखाकडून मिळणारी वस्तू पेशी घडवण्याची नसून पेशी जगवण्याची असावी. ज्यूंना इटलीत लेखन प्रसिद्ध करता येत नसल्याने हे निष्कर्ष बेल्जियममधील नियतकालिकात छापले गेले. १९४३ साली जर्मन फौजा इटलीत शिरल्यावर हे कुटुंब फ्लॉरेन्समध्ये लपून राहिले आणि वाचले.

८/
युद्धानंतर हॅम्बर्गर यांनी तो निबंध वाचला. आपल्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या या संशोधिकेला त्यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतले. १९४७ साली रीता काही महिन्यांच्या बोलीवर निघाल्या आणि तेथे सुमारे ३० वर्षे राहिल्या. १९४८ साली हॅम्बर्गर यांचे माजी विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराचे ‘सार्कोमा १८०’ हे कर्कअर्बुद कोंबडीच्या गर्भावर लावले, तर गर्भातील चेतातंतू त्या अर्बुदात घुसतात.

९/
रीता यांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि अधिक बारकाईने पाहिला. तंतू केवळ अर्बुदात शिरत नव्हते. ते रक्तवाहिन्यांत आणि दूरच्या अवयवांतही शिरत होते. मग त्यांनी अर्बुद गर्भाला न चिकटवता अंड्याच्या आतील पटलावर ठेवले. अर्बुद आणि गर्भ यांच्यात प्रत्यक्ष स्पर्श नव्हता, फक्त रक्ताभिसरण सामाईक होते. परिणाम तोच. याचा अर्थ, अर्बुद एखादे द्रव्य सोडते आणि ते रक्तातून वाहत जाऊन चेतापेशींना वाढवते. पुराव्यासाठी हा प्रयोग काचपात्रात करणे आवश्यक होते आणि ती सोय सेंट लुईसमध्ये नव्हती.

१०/
ती सोय ब्राझीलमध्ये होती. रिओ दि जानेरोच्या जीवभौतिकी संस्थेत हेर्था मायर ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा चालवीत. त्याही जर्मनीतून परागंदा झालेल्या. १९५२ साली रीता अर्बुद वाहणारे दोन उंदीर बरोबर घेऊन विमानाने रिओला पोहोचल्या. काचपात्रात चेतापेशींची एक गुच्छिका आणि तिच्याजवळ अर्बुदाचा तुकडा ठेवला. काही तासांतच गुच्छिकेभोवती चेतातंतूंचे दाट प्रभामंडळ उमटले, सूर्याभोवती किरण असावेत तसे. आता मोजमापाचे साधन मिळाले होते. कोणताही अर्क घ्यावा, गुच्छिकेवर टाकावा. मंडळ उमटले तर द्रव्य हजर, नाही तर गैरहजर. पुढे मिळालेले यश या साध्या कसोटीवर उभे आहे.

११/
द्रव्य शुद्ध करण्यासाठी जीवरसायनज्ञ हवा होता. १९५३ साली ब्रुकलिनचे स्टॅन्ली कोहेन या कामात सामील झाले. अर्बुदाच्या अर्कात प्रथिनही होते आणि न्यूक्लिक आम्लही, गुण कोणाचा? आर्थर कॉर्नबर्ग यांच्या सल्ल्याने कोहेन यांनी अर्कात सापाचे विष घातले, कारण विषातील विकर न्यूक्लिक आम्लाचे तुकडे करते. प्रभामंडळ नाहीसे होते का, एवढेच पाहायचे होते. झाले उलटेच. मंडळ अधिक दाट झाले. मग तुलनेसाठी नुसतेच विष टाकून पाहिले, तर तेही मंडळ उमटवी आणि अर्बुदापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावीपणे. हत्यार म्हणून आणलेल्या वस्तूतच हवे ते द्रव्य विपुल निघाले.

१२/
कोहेन यांनी पुढचा तर्क केला. सापाची विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीचेच रूप. मग सस्तन प्राण्यांच्या लाळग्रंथीत हे द्रव्य असेल का? नर उंदराच्या जबड्याखालील लाळग्रंथीत ते भरपूर सापडले आणि शुद्ध प्रथिनाच्या रूपाने हाती आले. त्याला ‘चेतावृद्धिघटक’ म्हणजे एनजीएफ हे नाव पडले. १९६० साली निर्णायक पुरावा मिळाला. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली, तेव्हा त्यांची अनुकंपी चेतासंस्था जवळजवळ नष्ट झाली. चेतापेशींना जगायला हे प्रथिन खरोखरच लागते. तुरीनच्या निजायच्या खोलीतील तर्क बरोबर होता.

१३/
दुसरा वृद्धिघटक पहिल्याच्या गाळातून निघाला. लाळग्रंथीचा कच्चा अर्क नवजात पिलांना टोचला, तर त्यांचे डोळे नेहमीच्या १२ ते १४ दिवसांऐवजी ६-७ दिवसांतच उघडत आणि दातही लवकर येत. शुद्ध एनजीएफने असे काही होत नव्हते. अर्थात हा गुण भेसळीतील दुसऱ्या कशाचा तरी होता. दुसऱ्या कोणी ती भेसळ धुऊन टाकली असती. कोहेन यांनी तिचाच पाठपुरावा केला. १९५९ साली त्यांना सेंट लुईस सोडावे लागले; नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी ते प्रथिन वेगळे केले. त्वचेच्या बाह्य थराच्या पेशींना ते वाढवते, म्हणून ते ‘बाह्यत्वचा-वृद्धिघटक’ किंवा ईजीएफ झाले.

१४/
१९७२ साली उंदराच्या ईजीएफची पूर्ण रचना कळली: ५३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. पण ते उंदराचे होते. माणसाचे कुठून आणायचे? १९७५ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीचे हॅरी ग्रेगरी माणसाच्या मूत्रातून ‘युरोगॅस्ट्रोन’ नावाचे, जठरातील आम्ल कमी करणारे प्रथिन वेगळे करीत होते. त्याची रचना वाचल्यावर ते थक्क झाले असतील, कारण त्यातही ५३ अमिनो आम्ले होती आणि त्यांतील ३७ उंदराच्या ईजीएफशी जागच्या जागी जुळत होती. जठराचे औषध शोधताना मानवी ईजीएफ सापडले होते. मात्र मूत्रात ते इतके अल्प असते, की चिमूटभर मिळवण्यासाठीही मूत्राचे प्रचंड साठे आटवावे लागत.

१५/
दरम्यान सीरमचे कोडेही उलगडू लागले. १९७४ साली सिएटलमध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी तुलना केली. साकळलेल्या रक्तातून मिळालेल्या सीरममध्ये पेशी वाढत होत्या. रक्त साकळू न देता वेगळ्या केलेल्या रक्तद्रवापासून बनवलेल्या सीरममध्ये वाढत नव्हत्या. फरक कशाचा? रक्त साकळताना प्लेटलेट आपल्या कोठारातील द्रव्ये बाहेर सोडतात. त्यांतच ‘प्लेटलेटजन्य वृद्धिघटक’ म्हणजे पीडीजीएफ असते. जखम झाली की रक्त साकळते, आणि साकळणारे रक्तच आसपासच्या पेशींना भरून येण्याचा आदेश देते. पेशी संवर्धनाच्या काचपात्रात इतकी वर्षे वस्तुतः एक जखमच घडवली जात होती. बऱ्याचशा पेशी निरोगी शरीरात शांत असतात आणि पात्रात भराभरा वाढतात, याचे एक मोठे कारण येथे मिळाले.

१६/
सॅन डिएगोचे गॉर्डन साटो यांनी याहून धाडसी विधान केले. सीरम हे पेशीचे अन्न नसून संप्रेरके आणि वृद्धिघटक पोहोचवणारे वाहन आहे. ते घटक सुटे दिले तर सीरमची गरजच उरणार नाही. साटो हे जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्यांना कुटुंबासह मान्झानारच्या छावणीत डांबले होते. १९७६ साली इझुमी हायाशी यांच्यासह त्यांनी उंदराच्या पीयूषिका ग्रंथीतील अर्बुदपेशी सीरमच्या थेंबाविना, मोजून दिलेल्या संप्रेरकांवर वाढवून दाखवल्या. पात्रातला प्रत्येक पदार्थ नावानिशी ठाऊक आहे, असे म्हणता येण्याजोगा हा टप्पा होता.

१७/
याचे मोल काय, हे भाजलेल्या रुग्णांना विचारावे. एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवॉल्ड यांनी १९७५ साली माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी वाढवण्याची रीत बसवली. १९७७ साली त्यांनी दाखवले, की पोषकद्रवात ईजीएफ घातले तर या पेशी पुष्कळ अधिक काळ विभागत राहतात. टपाल तिकिटाएवढ्या त्वचेतून आता अंगभर पुरेल इतका पडदा वाढवणे शक्य झाले. १९८३ साली शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेली दोन मुले बॉस्टनच्या रुग्णालयात आली. त्यांच्याच उरलेल्या त्वचेच्या कणांपासून वाढवलेल्या पडद्यांनी त्यांच्या अंगाचा जवळजवळ अर्धा भाग झाकण्यात आला. दोघेही जगले.

१८/
परंतु या घटकांचा पुरवठा अजून प्राण्यांच्या अवयवांवरच चालत होता. ईजीएफ उंदरांच्या लाळग्रंथींतून, पीडीजीएफ रक्तपेढ्यांतील प्लेटलेटमधून, पेशीबंधकांना वाढवणारे एफजीएफ गाईंच्या मेंदूतून आणि पीयूषिकेतून. ढिगाने ऊती आणाव्यात, वाटाव्यात, गाळाव्यात आणि शेवटी मिलिग्रॅमच्या अंशावर समाधान मानावे. शिवाय ‘शुद्ध’ म्हटलेल्या नमुन्यात दुसरे एखादे प्रथिन दडलेले नाही, याची खात्री देणे अवघड. खुद्द ईजीएफचा शोध अशाच दडलेल्या प्रथिनातून लागला होता. सीरमचे गूढ सोडवण्यासाठी वापरलेल्या वस्तूच पुन्हा थोड्याबहुत अनाम राहत होत्या.

१९/
तोडगा आला दुसऱ्या स्टॅन्ली कोहेन यांच्याकडून. हा नामसाधर्म्याचा गोंधळ आजही होतो. ईजीएफ शोधणारे कोहेन निराळे. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली नॉर्मन कोहेन निराळे. या दुसऱ्या कोहेन यांनी १९७३ साली हर्बर्ट बॉयर यांच्यासह डीएनएचे तुकडे कापून, जोडून जिवाणूत घालण्याची पद्धत सिद्ध केली. त्या जिवाणूची प्रत्येक पिढी जोडलेला तुकडा पुढे नेते. बॉयर यांनी १९७६ साली रॉबर्ट स्वॉन्सन यांच्याबरोबर जेनेन्टेक कंपनी काढली. १९७७ साली १४ अमिनो आम्लांचे सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक आणि १९७८ साली मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून घडवून घेण्यात आले. ‘पुनःसंयोजित’ प्रथिनांचे युग सुरू झाले.

२०/
वृद्धिघटकांची पाळी लगेचच आली. ईजीएफ यासाठी सोयीचे होते, कारण ते लहान होते. ५३ अमिनो आम्ले म्हणजे डीएनएची १५९ अक्षरे. १९८२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी मानवी युरोगॅस्ट्रोनचे, म्हणजेच ईजीएफचे जनुक माणसाच्या पेशीतून न काढता रसायनशाळेत तुकड्या-तुकड्यांनी जुळवले आणि ‘ई. कोलाय’ या आतड्यातील जिवाणूत बसवले. प्रथिनाची रचना ठाऊक होती, जनुकीय लिपी ठाऊक होती; तेव्हा उत्तरावरून प्रश्न लिहिता आला. १९८३ साली मानवी एनजीएफचे जनुक आणि १९८६ पर्यंत एफजीएफचे जनुकही वाचून झाले.

२१/
जनुक घातले की प्रथिन तयार, इतके ते सोपे नव्हते. ईजीएफमध्ये ६ सिस्टीन असतात. ती दोन-दोनांनी जोडली जाऊन ३ गंधक-सेतू बनतात. सहांच्या जोड्या १५ प्रकारे लागू शकतात आणि त्यांतील एकच बरोबर. जिवाणूच्या पोटात असे सेतू नीट बनत नाहीत. परकी प्रथिने तेथे पुष्कळदा चुकीची घडी पडून, गोळा होऊन बसतात. ते गोळे विरघळवायचे, साखळी पूर्ण उलगडायची आणि मग हळूहळू योग्य घडी पडू द्यायची, हे एक स्वतंत्र शास्त्रच बनले. १९८४ साली कॅलिफोर्नियातील काइरॉन कंपनीच्या संशोधकांनी दुसरा मार्ग दाखवला. त्यांनी यीस्टकडून मानवी ईजीएफ घडवले, आणि यीस्टने ते योग्य घडी घालून बाहेरच्या द्रवात सोडले.

२२/
आणखीही अडचणी होत्या. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील विषद्रव्य लेशमात्र जरी प्रथिनाबरोबर आले, तरी रोगप्रतिकारक पेशी खवळतात आणि दिसणारा परिणाम वृद्धिघटकाचा की विषाचा, हे कळेनासे होते. काही प्रथिनांवर साखरेच्या शाखा असतात; त्या जिवाणूला लावता येत नाहीत, म्हणून चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातील पेशींकडून ती बनवून घ्यावी लागतात. अखेरची परीक्षा मात्र रिओसारखीच राहिली. कुपीतील भुकटीचे वजन पुरेसे नसते. ती जिवंत पेशींवर टाकून, किती मात्रेला निम्मा प्रतिसाद मिळतो, ते मोजावे लागते. पोषकद्रवाच्या एका मिलिलिटरला १०-२० नॅनोग्रॅम ईजीएफ पुरते, इतकी ही द्रव्ये तीव्र.

२३/
घटकांची अक्षरे वाचली गेल्याने एक भयावह नातेही उघड झाले. १९८३ साली पीडीजीएफची साखळी संगणकावर इतर प्रथिनांशी ताडून पाहिली गेली, तेव्हा ती माकडांत कर्कअर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या ‘सिस’ या जनुकाशी जुळली. १९८४ साली ईजीएफ ज्या ग्राहीला चिकटते तो ग्राही ‘अर्ब-बी’ या दुसऱ्या कर्कजनुकाचा मूळ अवतार निघाला. कर्करोगाची पेशी नवी भाषा शिकत नाही. ‘वाढ’ हा जुनाच आदेश ती स्वतःलाच अखंड देत राहते. या ग्राहींना अडवणारी कर्करोगाची औषधे पुढे याच ज्ञानातून निघाली.

२४/
मूलपेशींच्या संशोधनाने ‘ठाऊक’ आणि ‘अनाम’ यांतील फरक पुन्हा ऐरणीवर आणला. १९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणमूलपेशी प्रथमच वाढवल्या, त्या उंदराच्या पेशींच्या थरावर आणि सीरममध्ये. प्राण्यांच्या द्रव्यात वाढलेली पेशी रुग्णाच्या अंगात कशी घालणार? पुनःसंयोजित एफजीएफ मिळू लागल्याने एकेक आधार काढून टाकता आला. २०११ साली थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने मूळ पोषकद्रव धरून केवळ ८ घटकांचे माध्यम जाहीर केले. त्यांत एफजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे दोन वृद्धिघटक आहेत. शेकडो प्रथिनांच्या सीरमपासून बोटांवर मोजता येईल अशा यादीपर्यंतचा हा प्रवास.

२५/
भारतीय पेशी संशोधनाचा एक मोठा आधार पुण्यात आहे. १९८० च्या दशकात प्राणी ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेले आणि आज एनसीसीएस या नावाने ओळखले जाणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र विद्यापीठाच्या आवारात उभे आहे. देशभरातील प्रयोगशाळांना येथील पेशीभांडारातून पेशी पुरवल्या जातात. पुनःसंयोजित घटक औषधांतही उतरले. हैदराबादच्या भारत बायोटेकने मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांसाठी मानवी ईजीएफचे जेल बनवले; क्यूबाने त्याच कामासाठी ईजीएफचे इंजेक्शन काढले. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले, डोळ्याच्या पारपटलाच्या एका दुर्मीळ विकारावरील थेंब म्हणजे ई. कोलायने घडवलेले मानवी एनजीएफ. ते इटलीतील कंपनीने विकसित केले, हेही नोंदण्याजोगे.

२६/
१९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि कोहेन यांना मिळाले. पारितोषिकात तिसऱ्या नावाला जागा असूनही हॅम्बर्गर यांचे नाव नव्हते, आणि यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. ज्यांच्या निबंधाने प्रश्न उभा केला, आणि ज्यांनी आपले अनुमान खोडणाऱ्या संशोधिकेला स्वतःहून जागा दिली, ते या इतिहासात तळटीपेपुरते उरू नयेत. हॅम्बर्गर २००१ साली शंभरी ओलांडून वारले. ज्या देशाने विद्यापीठातून हाकलले, त्याच देशाच्या संसदेत रीता २००१ पासून तहहयात सदस्य होत्या. २०१२ साली वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोहेन २०२० पर्यंत जगले.

२७/
हा इतिहास पूर्ण झाला असे मात्र मानता येणार नाही. २००९ साली नेदरलँड्समध्ये तोशिरो साटो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी आतड्याच्या एकाच मूलपेशीपासून आतड्याचे इवले प्रतिरूप, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवले. त्यासाठी ईजीएफसह तीन घटक नेमून दिले होते. पण त्या पेशींना आधार म्हणून जे जेलीसारखे द्रव्य लागते, ते उंदराच्या सार्कोमातून काढलेले असते आणि त्यातील सर्व प्रथिनांची चोख यादी आजही देता येत नाही. असंख्य प्रयोगशाळांत वासराचे सीरमही अजून रोज वापरले जाते. ते स्वस्त पडते आणि अनेक पेशींना दुसरे काही मानवतच नाही.

२८/
म्हणून कारेल यांच्या पात्राची आठवण ठेवणे इष्ट. त्यांचे हात कुशल होते, शिस्त कडक होती, पेशीही खरोखरच वाढत होत्या. चूक झाली ती पात्रात ओतल्या जाणाऱ्या एका द्रव्याची चौकशी न केल्यामुळे. त्यानंतरच्या साऱ्यांनी तीच चौकशी केली: रीता यांनी दोन उंदरांच्या बळावर, कोहेन यांनी विषाच्या आणि भेसळीच्या मागावर, साटो यांनी सीरमचा एकेक घटक सुटा करून. आज फ्रीजरमधील चिमुकल्या कुपीवर प्रथिनाचे नाव, ते घडवणाऱ्या जिवाणूचे नाव आणि शुद्धतेचे प्रमाण छापलेले असते. त्या चार ओळी लिहिता याव्यात यासाठी सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

(समाप्त)